डेन जिथे ओरडला

सरकारी पत्र आर्चीने सूपच्या वाडग्याखाली दडवलं होतं, म्हणजे ग्रिझेलचं पोट भरल्यावरच ते तिच्या हाती लागावं. पण जेवायला बसण्याआधी टेबलावर सगळं सरळ आहे ना, हे पाहणारी ती बाई. वाडगा जरा कलता आहे हे तिने खुर्ची ओढतानाच हेरलं.

"खाली काय आहे?"

"आधी सूप घे. मसुराचं आहे. हाड घालून उकळलंय."

"पत्र भिजतंय, आर्ची."

ग्रिझेल हॅने जिल्ह्याच्या कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती. तिचा नवरा सँडी जाऊन सहा वर्षं झाली होती. आर्ची हा सँडीचा थोरला भाऊ, ऐंशीला एक कमी, एकटा जीव. दर गुरुवारी दुपारी ती त्याच्याकडे जेवायला येई. तो सूप करी, ती ओटची बिस्किटं आणी, आणि दोघं एकमेकांच्या चुका काढत तास-दीड तास बसत.

तिने पत्र उलगडलं. आर्चीच्या शेतातल्या थिसलच्या काटेरी झुडपांचं बी उडून शेजारच्या कुरणांत रुजतं, अशी तक्रार आली होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, बी धरायच्या आत, शेत कापून काढावं. मालकाने न कापल्यास शेतकी खातं ते कापेल. खाली बारीक अक्षरांत एक पळवाट होती: जागेला ऐतिहासिक किंवा वनस्पतिशास्त्रीय महत्त्व असल्यास, तसा जाणकार व्यक्तीचा सही केलेला अहवाल जुलैअखेर पाठवावा.

"तक्रार शेजारच्या ड्रमवेलवाल्यांची," आर्ची म्हणाला. "नाव लिहिलेलं नाही, पण वास येतोय."

"आणि जाणकार व्यक्ती म्हणजे मी."

"मी तुझं नाव घेतलं नाही. तूच घेतलंस."

आता आर्चीचं हे डेनचं शेत काय आहे, ते पोर्टमॉली गावातलं शेंबडं पोरही सांगेल. फार पूर्वी समुद्रापलीकडचे लुटारू डेन लोक गलबतांतून गुपचूप किनाऱ्याला लागले. स्कॉट सैन्य गाढ झोपलेलं. चाहूल लागू नये म्हणून डेन लोकांनी जोडे काढले, आणि त्यांच्यातल्या एकाचा पाय पडला थिसलवर. तो असा बोंबलला की सगळं सैन्य जागं झालं आणि देश वाचला. राजाने खूश होऊन त्या झुडपाच्या नावाने आपल्या निवडक सरदारांचा संघ काढला. आजही थिसलचे सोळा सरदार असतात, आणि ती सरदारी मिळणं हा स्कॉटलंडमधला सगळ्यात मोठा मान. हे सगळं ज्या एका बोंबेमुळे झालं, ती आर्चीच्या शेतात मारली गेली, असं पोर्टमॉलीचं म्हणणं. ड्रमवेलचं म्हणणं, त्यांच्या चर्चमागच्या शेतात. किनाऱ्यावरची आणखी चार गावं आपापलं शेत दाखवतात.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी पोर्टमॉलीत पायटेकणी होते. अंगावर मेंढीचं कातडं आणि डोक्यावर पत्र्याचा टोप घालून एक माणूस डेन बनतो आणि अनवाणी शेतात शिरतो. गाव चरात आडवं पडून घोरण्याचं सोंग करतं. डेन ओरडला की सगळे उठून त्याला समुद्रापर्यंत पळवतात, आणि मग चहा होतो. गेली एकतीस वर्षं डेन एकच होता, आर्ची हॅने.

"मला सांग," ग्रिझेलने चमचा खाली ठेवला, "ही लढाई कधीची?"

"लार्ग्जची. बाराशे त्रेसष्ट."

"आणि सरदारांचा संघ?"

"आठशे नऊ. राजा अकेयसने काढला."

"म्हणजे बक्षीस आधी दिलं आणि पराक्रम साडेचारशे वर्षांनी झाला."

"राजे लोक लांबचं बघतात."

"कागदावर सापडतं ते सोळाशे सत्त्याऐंशी. सातव्या जेम्सने काढला, आणि वर लिहिलं की मी नवीन काढत नाही, जुनाच होता तो पुन्हा सुरू करतोय. जुना होता याला पुरावा काय, तर त्याचं म्हणणं."

"राजाचं म्हणणं पुरावा नाही?"

"माझ्या वर्गात नव्हतं."

आर्चीने तिच्या वाडग्यात आणखी एक पळी ओतली. "खाली इंग्लंडात बघ. त्यांचा सगळ्यात मोठा मान कशावरून आला, तर नाचताना कुणा बाईच्या पायाचा पट्टा सुटला आणि राजाने उचलला. तेही खरं की खोटं, कुणाला ठाऊक नाही. निदान आपल्या गोष्टीत रक्त आहे. त्यांच्या नाचघराला कुणी नोटीस दिली?"

"मी शेत बघते," ग्रिझेल म्हणाली. "जे असेल ते लिहीन."

"तेच तर भय आहे," आर्ची म्हणाला.

*

ती तीन दिवस शेतात होती. एक मीटरचा तारेचा चौकोन जमिनीवर टाकायचा, त्यात काय काय उगवलंय ते मोजायचं, वहीत लिहायचं, चौकोन पुढे सरकवायचा. रस्त्यावरून येणारेजाणारे कुंपणाशी थांबून बघत.

"डेनची चप्पल शोधतेस का गं?" नेटी पर्डीने विचारलं. नेटीचं गावात टपालाचं दुकान होतं आणि पायटेकणीच्या मंडळाची ती अध्यक्ष होती. खऱ्या सरदारांच्या तोडीचं असावं म्हणून मंडळातही माणसं सोळाच घेत. सतरावा आला तर त्याला कुणीतरी मरेपर्यंत थांबावं लागे.

"नाही. तुझ्या आईचं बी शोधतेय," ग्रिझेल म्हणाली.

कारण वरचं जवळजवळ सगळं शेत एकाच जातीने भरलेलं होतं. माणसापेक्षा उंच, रुपेरी, भारदस्त, अगदी सरदारांच्या बिल्ल्यावर कोरलेल्या चित्रासारखं. मंडळाच्या जुन्या वहीत त्याची नोंद ग्रिझेलला सापडली होती: त्रेपन्न साली, राज्याभिषेकाच्या वर्षी, शेताला शोभा यावी म्हणून मिसेस पर्डी यांनी बागेच्या दुकानातून तीन पुड्या आणल्या. उरलेल्या जागेत भाल्यासारख्या पानांचं साधं रानटी थिसल होतं, जे कुठल्याही गोठ्यामागे उगवतं आणि सरकारच्या तणांच्या यादीत आहे.

पुढच्या गुरुवारी तिने हे आर्चीला सांगितलं. तो गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसला होता.

"उंच आहे ते बागेतलं. या देशातलंसुद्धा नाही. आणि तसंही सहा फुटी झाडावर पाय कसा पडेल? नाक आपटेल."

"डेन उंच असतात."

"उरलेलं तण. त्यावर मी काय लिहू?"

"लिही की ऐतिहासिक आहे. खाली सही कर. एका सहीने काय होतंय?"

"न पाहिलेलं लिहिलं म्हणून मी तीस वर्षं पोरांचे मार्क कापलेत, आर्ची. आता तेच मी करू?"

आर्ची गप्प बसला. तो गप्प बसला की खरं काहीतरी बोलणार, हे तिला सँडीमुळे ठाऊक होतं. दोघा भावांची खोड एकच.

"शेत कापलं की पायटेकणी ड्रमवेलला जाईल," तो शेवटी म्हणाला. "त्यांनी टोपसुद्धा करून ठेवलाय, असं ऐकतो. मला त्या दिवसाचं काय आहे माहितीय? बाकी वर्षभर मी भेटलो की लोक माझ्या कंबरेचं विचारतात. मीही कंबरेचंच सांगतो. तो एक दिवस कुणी कंबरेचं विचारत नाही."

ग्रिझेलने ओटची बिस्किटं त्याच्या हाताशी सरकवली. सही मात्र ती करणार नव्हती. तिने नजर खाली वळवली आणि ती घमेल्यावर स्थिरावली. पाणी नितळ होतं. तळवे पाण्यात स्वच्छ दिसत होते, गुलाबी, मऊ, तान्ह्या बाळाचे असावेत तसे.

"आर्ची, त्या शेतात मी जाड बूट घालूनही दोनदा कळवळले. एकतीस वर्षं तू तिथे अनवाणी जातोस. तुझ्या पायाला एक वण नाही."

आर्चीने पाय मागे ओढले. पाणी फरशीवर सांडलं.

"चांगलं रक्त आहे आमच्या घराण्यात."

"सँडीला साधं गुलाबाचं टोचलं तर आठवडाभर पू व्हायचा. तू पाय कुठे टेकतोस?"

"सांगता येत नाही."

"आठवत नाही?"

"शपथ आहे," तो म्हणाला, आणि पाय पुसायला लागला. एरवी कधी पुसत नसे इतक्या काळजीने.

*

सोमवारी सकाळी तो तिच्या दारात उभा होता. काखेत पत्र्याचा टोप होता, कुणा जुन्या लोहाराने ठोकलेला, एक शिंग जरा वाकडं.

"डेन आपल्यामागचा डेन स्वतः निवडतो. मंडळाला विचारायचं नसतं, आणि का निवडला हे त्याला कुणी विचारायचं नसतं," तो एका दमात बोलला. वाटेत पाठ केलेलं असावं. "आणि पुढच्या डेनला सगळं सांगता येतं. घाल."

ग्रिझेलला समजायला थोडा वेळ लागला. "मी? बाई कधी डेन झाली आहे का?"

"खऱ्या सरदारीतसुद्धा बाईला रीतसर शिरायला तीनशे वर्षं लागली. तूच म्हणतेस ना सोळाशे सत्त्याऐंशी? मग एकोणीसशे सत्त्याऐंशीपर्यंत. आम्हाला जरा जास्त लागली."

"आणि तू?"

"माझी कंबर गेलीय, पोरी. सगळ्यांना माहीत आहे. घालतेस का बोल."

टोप त्याने पुढे केला, पण हातातून सोडला नाही. हे त्याला सोपं जात नाहीये, एवढं तिला कळलं. तिने तो घेतला आणि डोक्यावर चढवला. आतून लोकरीच्या मोज्यासारखा वास आला.

"आता शपथ. उजवा हात वर. म्हण: डेनला टोचत नाही, हे पुढच्या डेनखेरीज मी कुणाला सांगणार नाही."

"थांब. फक्त एवढंच? डेनला टोचत नाही, एवढंच सांगायचं नाही?"

"एवढंच."

"तिथे काय उगवतं, किती उगवतं, हे सांगायला हरकत नाही?"

आर्चीने विचार केला. "उगवण्याबद्दल शपथेत काही नाही."

मग तिने शपथ घेतली, शब्दाला शब्द, आणि तो तिला घेऊन निघाला. उतारावरून खाली, ओल्डरच्या झाडांआड, जिथे तिचा तारेचा चौकोन अजून पोचायचा होता. तिथे एक झरा जमिनीतूनच पाझरत असे आणि माती कायम ओली. चरात झोपलेल्या गावाला हा कोपरा नीट दिसत नसे.

"हे," आर्ची म्हणाला. "डॉड रँकिनने मला दाखवलं, मरायच्या आधी दोन दिवस. डॉडला त्याच्या मामाने. मामाला होडीवाल्या पीटरने. त्याच्या आधीचं मला ठाऊक नाही, पण पीटरच्या वेळी व्हिक्टोरिया राणी म्हातारी झाली होती."

ग्रिझेल चिखलात गुडघ्यांवर बसली. रुंद, लांबट पानं जमिनीलगत दाट पसरली होती. तिने एक पान उलटं केलं. खालून पांढरं, लवदार, मांजराच्या कानाच्या आतल्या बाजूसारखं. कडेला नावापुरते केस. देठावर काही नाही. देठाच्या टोकाला एकेकच जांभळं फूल, जरासं कललेलं.

"उदास थिसल," ती म्हणाली.

"कोण उदास?"

"नाव आहे त्याचं. पूर्वी मन खिन्न झालं की याचा काढा देत. हे खरं इथलं आहे, आर्ची, कुणी पुडीतून आणलेलं नाही. वर डोंगराळ भागात भेटतं. इथे किनाऱ्याला मी तीस वर्षांत एकदाही पाहिलं नाही." तिने पावलांनी ताटवा मोजला, मग मोजपट्टीने. अकरा मीटर. जमिनीखालून मुळांनी हळूहळू पसरणारी जात. एवढं व्हायला काही पिढ्या गेल्या असतील.

"उपयोगाचं आहे का?"

"वनस्पतिशास्त्रीय महत्त्व," ग्रिझेल म्हणाली. "पत्रात हेच शब्द आहेत."

परत येताना तिच्या मनात आलेली गोष्ट तिने आर्चीला सांगितली नाही. अकेयस राजाला आधार नाही, लढाईच्या जागेला नाही, थिसल तर दुकानातलं. या गावात पिढ्यान्पिढ्या खरोखर चालत आलेली, चार माणसं बोटांवर मोजून दाखवता येणारी एकच परंपरा होती, आणि ती म्हणजे फसवणूक.

*

अहवाल दीड पानाचा झाला. उताराच्या खालच्या ओल्या कोपऱ्यात अमुक जातीचा अकरा मीटरचा ताटवा, किनारपट्टीवर दुर्मिळ, कोपरा कापू नये. वरचं शेत कापायला हरकत नाही. 'ऐतिहासिक महत्त्व' या रकान्यात तिने एक आडवी रेघ मारली.

खात्याचे मिस्टर ड्यूअर रबरी बूट घालून आले. चाळिशीचा, सर्दी झालेला माणूस. त्यांनी पान दोन बोटांत धरून चोळलं.

"हे टोचत नाही."

"नाही," ग्रिझेल म्हणाली.

"थिसल असून?"

"प्रत्येक घराण्यात एखादा असतो," आर्ची मागून बोलला. ग्रिझेलने त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो आकाशातले ढग बघत होता.

मिस्टर ड्यूअरनी कोपऱ्याभोवती चार खुंट्या ठोकल्या, नाक पुसलं आणि सही केली. ऑगस्टच्या पाच तारखेला यंत्र आलं आणि वरचं शेत दुपारपर्यंत सपाट झालं. नेटी पर्डी कुंपणाशी उभी राहून आपल्या आईची रुपेरी झाडं पडताना बघत होती.

"कोपरा तरी वाचला," ग्रिझेल तिच्याजवळ जाऊन म्हणाली. "पायटेकणी तिथे होईल. नाहीतरी डेन तिकडेच असतो."

"तुझा अहवाल वाचला मी. टपाल माझ्याच दुकानातून जातं." नेटीने तिच्याकडे न बघता सांगितलं. "मी काही विचारणार नाही. डेनला विचारायचं नसतं. पण ओरडशील ना नीट? आर्ची चांगला ओरडायचा. ड्रमवेलची माणसं यंदा बघायला येणार आहेत."

तोवर हा प्रश्न ग्रिझेलपुढे आलाच नव्हता. घरी गेल्यावर आला, आणि मग हलेना. कॉलेजात तीस वर्षं तिने आवाज चढवला नव्हता. गप्प उभी राहिली की वर्ग गप्प होई. तेही एक वेळ ठीक. पण पाय मऊ पानांवर ठेवायचा आणि टोचल्यासारखं ओरडायचं, सगळ्या गावासमोर?

गुरुवारी आर्चीनेच तो विषय काढला.

"सही खोटी करणार नाही म्हणालीस. ओरडणं खोटं चालेल का?"

"तेच बघतेय."

"करून तर बघ. इथे. मी दार लावतो."

ती उभी राहिली, श्वास घेतला आणि म्हणाली, "ओ."

आर्चीने बिस्किट खाली ठेवलं. "हे तर तुला कुणीतरी हाक मारली आणि तू उत्तर दिलंस असं वाटलं."

"टोचलेलं नाही, आर्ची. नसलेल्या गोष्टीचा आवाज कसा काढू?"

"मी एकतीस वर्षं काढला."

"तुला तो खोटा वाटला नाही?"

"मला तो डेनचा वाटायचा," आर्ची म्हणाला. थोडा वेळ त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग उठून कपबशा गोळा करू लागला. एरवी तिच्या एका वाक्याला त्याची दोन ठरलेली. त्या दिवशी त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

*

शनिवारी आभाळ भरलेलं, पण पाऊस नव्हता. चरात दीडएकशे माणसं आडवी पडली होती, म्हातारी खुर्च्यांवर डोळे मिटून बसली होती. कुंपणापलीकडे ड्रमवेलची आठदहा माणसं हाताची घडी घालून उभी. ग्रिझेलने बूट काढले, मोज्यांची घडी करून बुटांत ठेवली, मेंढीचं कातडं सारखं केलं आणि वाकड्या शिंगाचा टोप घालून चालू लागली. मागे घोरणं सुरू झालं. पोर्टमॉलीचा घोरण्याचा सराव जुना होता.

ओल्डरच्या पलीकडे ती खुंट्यांच्या आत शिरली. माती गार होती, पानं मऊ. एक पाऊल, दुसरं, तिसरं. काही नाही. ती थांबली. आता ओरडायला हवं होतं. तिने तोंड उघडलं, आणि आतून काही आलं नाही.

चरातलं घोरणं चढत चढत गेलं आणि मग विरळ होऊ लागलं. कुणाचं तरी पोर विचारत होतं, "डेन मेला का?" ड्रमवेलवाल्यांतला एक जण हसला. नेटीचा आवाज आला, घोरता घोरता काढलेला: "वाट चुकली असेल. घोरा सगळे."

नाही जमणार, ग्रिझेलने मनाशी ठरवलं. चरापाशी जायचं, टोप काढायचा आणि सांगायचं की माझी निवड चुकली. का, ते सांगता येणार नाही. तिला आर्चीचं तोंड डोळ्यांसमोर दिसलं. ती वळली आणि चौथं पाऊल टाकलं.

ती ओरडली. चर्चच्या मनोऱ्यावरचे कावळे उडाले. कुंपणाशी हसणाऱ्या माणसाचं हसू तोंडातच राहिलं. ड्रमवेलच्या एका बाईने नंतर दुकानात कबूल केलं, की असा डेन आमच्याकडे नाही. गाव उठलं, लाकडी तलवारी उपसल्या, आणि ग्रिझेल हॅने, बासष्ट वर्षांची, एका पायावर लंगडत समुद्राकडे धावली. मागे अख्खं पोर्टमॉली आरोळ्या ठोकत होतं.

*

चहाची गडबड चालू असताना ती बंदराच्या भिंतीवर पाय वर घेऊन बसली. आर्ची चिमटा आणि चष्मा घेऊन आला. समोर बसून त्याने तिची टाच गुडघ्यावर घेतली.

"खोल गेलाय."

"साधं रानटी. भाल्यासारख्या पानांचं," ग्रिझेल म्हणाली. पळण्याआधी तिने एक नजर खाली टाकलीच होती. "पहिल्या वर्षाचं रोप. पहिल्या वर्षी ते वर वाढत नाही, जमिनीला चिकटून गोल पसरतं. आखूड गवतात दिसतसुद्धा नाही. अनवाणी माणसाचा पाय पडायचा तर नेमका यावरच पडेल." मग सवयीने पुढे म्हणाली, "अर्थात यावरून काही सिद्ध होत नाही. हे एकच निरीक्षण आहे."

"ओरडणं मात्र सिद्ध झालं."

"आर्ची, जुलैत त्या ताटव्यातला चौकोन न् चौकोन मी मोजलाय. हे तिथे नव्हतं."

"तण आहे. तण येतं."

"वीतभर रुंद? तीन आठवड्यांत?"

"यंदा पाऊस बरा झाला."

त्याने चिमटा लावला. ती कळवळली, पण आता आवाज केला नाही. काटा निघाला. तो त्याने उजेडात धरला आणि तिला दाखवला. तो धरताना त्याचा अंगठा जरा बाहेरच राहिला होता, कशाला लागू नये असा. ग्रिझेलने मनगट धरून हात जवळ ओढला. अंगठ्याच्या पेराजवळ लालसर सूज होती आणि मधोमध एक काळा ठिपका. नखांत अजून माती होती, खालच्या कोपऱ्यातली, ओली, काळी.

तिने मनगट सोडलं नाही. आर्चीनेही हात सोडवून घेतला नाही.

"तुला खोटं ओरडता आलं नसतं," तो समुद्राकडे बघत म्हणाला. "गुरुवारी तुझं तोंड बघितलं होतं मी."

"राखीव जागेत तण लावणं बेकायदा असावं."

"मिस्टर ड्यूअरना कळव."

"उद्या सकाळी जाऊन मी ते उपटणार आहे."

"मुळापासून उपट. हट्टी आहे ते. लावताना जीव घेतला माझा."

ग्रिझेलने त्याच्या हातातून चिमटा घेतला, त्याचा चष्मा काढून आपल्या नाकावर चढवला आणि अंगठा उजेडाकडे वळवला.

"हलू नकोस."

"ओरडू का?" आर्चीने विचारलं.

"कारण असेल तर ओरड," ती म्हणाली, आणि काट्याचं टोक चिमट्यात धरलं.